खेळातला शत्रू पळत का नाही? लढाईचे नियम, वास्तव आणि एक जुना प्रशियन वाद

१)
टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग खेळांत एक वाद पन्नास वर्षे धुमसतो आहे. लढाईचे नियम वास्तवाला किती धरून असावेत? वार कोणत्या अवयवावर बसला, चिलखत कोणते होते, जखम किती खोल गेली, हे सारे फाशांनी आणि तक्त्यांनी ठरवावे. की ‘शत्रूचे ६ गुण गेले’ एवढे म्हणून पुढे सरकावे? पहिल्या पक्षाला वास्तववादी म्हणू, दुसऱ्याला अमूर्ततावादी.

इतिहासाच्या थ्रेडमध्ये हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. हा वाद मुळात खेळगड्यांचा नाहीच. तो प्रशियाच्या सेनाधिकाऱ्यांचा आहे आणि दीडशे वर्षांपूर्वी तो पुष्कळ अधिक गांभीर्याने लढला गेला होता. थ्रेड लांब आहे, सवडीने वाचावा.

२)
माझे मत आधीच सांगून टाकते. दोन्ही पक्ष चुकीच्या जागी भांडत आहेत असे मला वाटते. ज्या ‘हिट पॉइंट’ची वास्तववादी इतकी टिंगल करतात, ते तितकेसे खोटे नाहीत. या खेळांतला सर्वांत मोठा खोटेपणा वेगळाच आहे: त्यांत शत्रू पळून जात नाही.

३)
ज्यांनी हे खेळ कधी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी दोन वाक्ये. प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो आणि एक जण पंच होऊन उरलेले सारे जग चालवतो. पात्राने काय करायचे ते खेळाडू बोलून सांगतो. ते साधले की फसले हे नियम, फासे आणि पंच मिळून ठरवतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा १९७४ साली अमेरिकेत छापला गेलेला खेळ या कुळाचा मूळ पुरुष.

४)
आता प्रशिया. त्याच्याही थोडे आधी, १७८० साली, ब्राउन्श्वाइग येथील योहान ख्रिस्तियान लुडविग हेलविग यांनी बुद्धिबळ वाढवून एक युद्धखेळ तयार केला. त्याच्या पटावर सोळाशेहून अधिक घरे होती. आपल्या चतुरंगातून निघालेला बुद्धिबळाचा प्रवाह युरोपात असा पुन्हा रणांगणाकडे वळला, हे मला नेहमीच मौजेचे वाटते. पण तो अजून बुद्धिबळच होता. सोंगटी सोंगटीला मारते, नेहमी मारते, आणि पटावरचे काहीही कोणापासून लपलेले नसते.

५)
खरी उडी राइसविट्झ पितापुत्रांनी घेतली. वडिलांनी १८१२ साली राजा फ्रीडरिश विल्हेल्म तिसरा याला आपला खेळ सादर केला. तोफखान्यात अधिकारी असलेल्या मुलाने त्याला नवे रूप देऊन १८२४ साली ‘क्रीग्सश्पील’चे नियम प्रसिद्ध केले.

घरे गेली, त्यांच्या जागी १:८००० प्रमाणाचा खराखुरा लष्करी नकाशा आला. एक डाव म्हणजे प्रत्यक्षातली दोन मिनिटे. दोन्ही पक्ष लेखी हुकूम पंचाकडे देत आणि शत्रूच्या ज्या तुकड्या प्रत्यक्ष दिसू शकल्या असत्या तेवढ्याच त्यांना दाखवल्या जात. गोळीबाराचा परिणाम खास फासे ठरवीत, आणि त्यांमागचे आकडे शार्नहॉर्स्ट यांच्या बंदुकी-तोफांच्या चाचण्यांवर बेतलेले होते.

६)
सरसेनापती कार्यालयाचे प्रमुख म्यूफ्लिंग यांना हा खेळ दाखवला तेव्हा ते आरंभी थंडच होते. डाव संपेपर्यंत ते इतके भारावले की त्यांनी तो सबंध सैन्याला शिफारशीने कळवला. त्यामुळे काही सहकाऱ्यांच्या डोळ्यांत खुपलेल्या तरुण राइसविट्झची बदली टोरगाऊच्या किल्ल्यावर झाली आणि १८२७ साली त्याने आत्महत्या केली. खेळ मात्र टिकला.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी, कारण तिच्याकडे आपल्याला परत यायचे आहे. राइसविट्झच्या फाशांवर हातघाईच्या लढाईसाठी जे निकाल होते ते ‘इतके मेले’ एवढेच सांगून थांबत नसत. तुकडी मागे रेटली गेली, पराभूत झाली की पुरती मोडली, हेही ते सांगत.

७)
पुढच्या पन्नास वर्षांत नियम वाढत गेले. तक्त्यांना तक्ते जोडले गेले. अधिकारी कंटाळले, कारण दहा मिनिटांची चकमक निकालात काढायला संध्याकाळ जाई. मग १८७६ साली व्हेर्डी द्यू व्हेर्नुआ यांनी एक पुस्तिका काढून जवळजवळ सगळेच मोडीत काढले. हा मनुष्य कोणी आरामखुर्चीतला विद्वान नव्हता. १८७०-७१ च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात तो मोल्टकेच्या मुख्यालयात होता. फासे नकोत, तक्ते नकोत. अनुभवी पंचाने परिस्थिती पाहून निकाल द्यावा, असे त्याचे म्हणणे. या पद्धतीला ‘मुक्त’ क्रीग्सश्पील म्हणू लागले आणि जुनीला ‘कठोर’.

या दोन शब्दांत आजच्या वादाचे बीज आहे. पण त्यात एक उलटापालटही आहे. व्हेर्डीने नियम टाकले ते वास्तव सोडण्यासाठी नव्हे. वास्तवाच्या अधिक जवळ जाण्यासाठीच त्याने ते टाकले. प्रत्यक्ष युद्ध पाहिलेल्या माणसाला तक्ताच खोटा वाटत होता.

८)
मुक्त पद्धतीचा धोकाही उघड आहे. पंच कोणाचा? मिडवेच्या लढाईआधी, मे १९४२ मध्ये, जपानी आरमाराने ‘यामातो’ युद्धनौकेवर मोहिमेचा सराव-खेळ खेळला. अमेरिकी विमानांच्या हल्ल्यात फाशांनी जपानी विमानवाहू नौकांवर ९ अचूक बाँब दिले. मुख्य पंच असलेल्या उगाकी यांनी ते ३ वर आणले, आणि बुडालेली ‘कागा’ पुढच्या डावात पुन्हा तरंगू लागली. ही हकीगत फुचिदा आणि ओकुमिया यांच्या पुस्तकातली आहे. फुचिदांची साक्ष अनेक ठिकाणी डळमळीत ठरली आहे, हे अभ्यासकांना ठाऊक आहे. तेव्हा ती मिठाच्या खड्यासह घ्यावी. जून महिन्यात ‘कागा’ खरोखरच बुडाली, एवढे मात्र निर्विवाद.

९)
प्रशियातून हा धागा अमेरिकेत कसा पोहोचला? लष्करी अधिकारी चार्ल्स टॉटन यांनी १८८० साली ‘स्ट्रॅटेगॉस’ हे अमेरिकी युद्धखेळाचे पुस्तक काढले. १९६० च्या दशकात मिनेसोटातील डेव्हिड वेसली या विद्यार्थ्याला ते ग्रंथालयात सापडले. खेळाडू काहीही करून पाहू शकतो, निकाल पंच देईल, ही कल्पना त्याने तिथून उचलली आणि १९६९ साली ‘ब्राउनश्टाइन’ नावाचा डाव मांडला. त्यात सैन्यांच्या जोडीला गावातल्या एकेका माणसाची भूमिका होती. त्याच मंडळातल्या डेव्ह आर्नेसनने पुढे ‘ब्लॅकमूर’ हे काल्पनिक जग रचले आणि विस्कॉन्सिनच्या गॅरी गायगॅक्सबरोबर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ घडले.

ग्रंथालयाच्या फडताळात धूळ खात पडलेल्या पुस्तकांविषयी मला जी श्रद्धा आहे तिला अशा गोष्टींमुळे बळ येते.

१०)
आता हिट पॉइंट. गायगॅक्स आणि जेफ पेरन यांचे ‘चेनमेल’ (१९७१) हे मध्ययुगीन लढाईचे नियम. त्यांत एक बाहुली सामान्यतः २० सैनिकांची, आणि वार बसला की बाहुली गेली. आर्नेसनच्या खेळाडूंना आपली लाडकी पात्रे एका फाशात गमवायची नव्हती. म्हणून त्याने अमेरिकी यादवी युद्धातल्या पोलादी नौकांसाठी आपणच पूर्वी केलेल्या नियमांतून दोन गोष्टी आणल्या, असे त्याने स्वतः सांगितले आहे: चिलखताचा दर्जा आणि हिट पॉइंट. म्हणजे डंजनमधला योद्धा हा हिशेबाच्या दृष्टीने एक जहाज आहे! गोळे खात राहतो, तरंगत राहतो, आणि शेवटच्या गोळ्याला बुडतो.

११)
१९७४ च्या मूळ नियमांत कोणतेही शस्त्र लागले तरी इजा एकाच षट्कोनी फाशाने ठरे. खंजीर आणि दोन हातांनी पेलायची तलवार एकाच मापाने मारत. यावर हसणारे पुष्कळ. पण पोलादात मढलेल्या सरदाराला जमिनीवर पाडून त्याच्या चिलखताच्या फटीत जे खुपसले जाई ते बहुधा खंजीरच असे. १९७५ च्या पुरवणीत शस्त्रागणिक वेगळे फासे आले आणि खंजीर कायमचा ‘दुबळा’ ठरला. तपशील वाढला, सत्य वाढले का?

१२)
गायगॅक्सने १९७९ च्या पंचांसाठीच्या ग्रंथात आपली बाजू मांडली आहे. हिट पॉइंट म्हणजे नुसते मांस नव्हे. कौशल्य, दैव, दमसास, दैवी कृपा हे सारे त्यांत आले. लढाईची एक फेरी एक मिनिटाची. त्यात हूल, बचाव, पवित्रे अनेक होतात आणि फासा फक्त त्यांतल्या खऱ्या संधीचा निकाल देतो. आपला खेळ वास्तवाची नक्कल करणाऱ्या पंथाचा नाही, हेही तो तिथे स्वच्छ सांगतो.

१३)
वास्तववाद्यांना हे मान्य होणे शक्य नव्हते. १९७८ साली ‘रुनक्वेस्ट’ आला. त्याचा एक मुख्य कर्ता स्टीव्ह पेरिन हा ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम’चा सदस्य होता. बर्कलीत १९६६ साली सुरू झालेली ही मंडळी चिलखत घालून वेताच्या तलवारींनी एकमेकांना मनसोक्त बडवत असत. स्वतः ढाल धरलेल्या माणसाला ‘चिलखतामुळे वार लागतच नाही’ हा नियम खुपणारच. रुनक्वेस्टमध्ये फेरी १२ सेकंदांची, वार अडवणे वेगळे, चिलखत इजा शोषून घेणारे, आणि वार कोणत्या अवयवावर बसला त्याचा स्वतंत्र फासा. पुढे १९८० साली ‘आर्म्स लॉ’ने शस्त्रागणिक पानभर तक्ते दिले. १९८६ च्या ‘गर्प्स’मध्ये फेरी एका सेकंदाची झाली, आणि त्याच वर्षीच्या ‘फिनिक्स कमांड’ने बंदुकीच्या गोळीचा शरीरातला प्रवास तक्त्यात बसवला.

६० सेकंद, १२ सेकंद, १ सेकंद. जणू भिंग मोठे केले की इतिहास आपोआप स्पष्ट दिसेल!

१४)
आता हाडांकडे वळू. रुनक्वेस्टच्या अवयव-तक्त्यात वीस अंकी फाशावर डोक्याला २ अंक, दोन्ही पायांना मिळून ८. म्हणजे डोक्यावर शेकडा १० वार, पायांवर ४०.

टाउटनची लढाई, इंग्लंड, २९ मार्च १४६१. तिथल्या एका सामूहिक थडग्याचा शोध १९९६ साली लागला. त्यातल्या सुमारे चाळीस सांगाड्यांवरच्या जखमा बहुतांशी डोक्यावर आहेत, एकेका कवटीवर अनेक. धडावर अगदी थोड्या.

व्हिस्बी, गॉटलंड बेट, जुलै १३६१. डॅनिश राजा वाल्देमारच्या कसलेल्या फौजेसमोर शेतकऱ्यांचे सैन्य. सामूहिक खड्ड्यांतून सुमारे १२०० जणांचे अवशेष निघाले. बेंग्ट टोर्डेमान यांनी त्यांवर केलेला अभ्यास १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे पायांवरचे, विशेषतः नडगीवरचे घाव फार.

१५)
दोन लढायांत शंभरच वर्षांचे अंतर, आणि घाव शरीराच्या दोन टोकांना. (हाडे फक्त हाडांपर्यंत पोहोचलेले घाव सांगतात, पोटातला भाला सांगत नाहीत, ही मर्यादा आहेच.) घाव कुठे बसला हे शस्त्रावर जितके अवलंबून आहे तितकेच माणसांच्या स्थितीवर: ढाल होती का, शिरस्त्राण डोक्यावर होते की धावताना फेकून दिले होते, माणूस समोर उभा होता की पाठमोरा पळत होता. टाउटनच्या त्या मृतांविषयी अभ्यासकांचा एक तर्क असाच आहे, की ते पराभवानंतर पळताना किंवा पकडले गेल्यावर मारले गेले असावेत.

सर्व लढायांना एकच अवयव-तक्ता लावणे म्हणजे सर्व गावांना एकच नकाशा वापरणे. आणखी एक गंमत: त्या वेताच्या तलवारवाल्यांच्या नियमांत गुडघ्याखाली मारायला बंदी आहे. खेळ म्हणून ती योग्यच. गुडघे उद्याही लागतात. पण व्हिस्बीची नडगी त्या अनुभवात कधी येणारच नाही.

१६)
वेळेच्या बाबतीतही तेच. रोमन लढाया कित्येक तास चालत, असे प्राचीन ग्रंथ सांगतात. जीव तोडून तलवार चालवणे काही मिनिटांपलीकडे माणसाला झेपत नाही. मग उरलेला वेळ काय चाले? लंडनच्या किंग्ज कॉलेजचे फिलिप सेबिन यांनी २००० साली एका प्रसिद्ध लेखात असे मांडले की दोन्ही रांगा बहुतेक वेळ थोड्या अंतरावर थबकून एकमेकींना जोखत उभ्या असत. मधूनच काही धाडसी पुढे येत, झटापट होई, पुन्हा माघार. (सेबिन यांनी युद्धखेळांवरही पुस्तके लिहिली आहेत, हा योगायोग नव्हे.)

हे चित्र खरे असेल तर गायगॅक्सची ढोबळ, निम्मी-अर्धी रिकामी एक मिनिटाची फेरी ही दर सेकंदाला वार मोजणाऱ्या फेरीपेक्षा वास्तवाच्या जवळ जाते. त्याला ते तसे अभिप्रेत नसेल, पण जाते.

१७)
तर मग अमूर्ततावादी जिंकले का? नाही, त्यांच्यावर माझा आक्षेप अधिक मोठा आहे.

फ्रेंच कर्नल आर्दाँ द्यू पीक १८७० च्या युद्धात मेट्सजवळ जखमी होऊन वारला. मागे राहिलेल्या त्याच्या लेखनाचा गाभा असा: प्राचीन लढाईत समोरासमोर असताना माणसे फार मरत नसत; एका बाजूचा धीर सुटून ती पाठ फिरवी तेव्हा खरी कत्तल होई. जॉन कीगनचे ‘द फेस ऑफ बॅटल’ (१९७६) हेही शेवटी याच प्रश्नाभोवती फिरते: माणसे उभी का राहतात आणि केव्हा राहत नाहीत.

आपल्या वाचकांना हे परक्या भूमीवरून समजावण्याचीही गरज नाही. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला विश्वासराव गोळी लागून पडले आणि फौजेचा धीर सुटला. दोन्हीकडचे किती पडले याची बेरीज त्या क्षणी कोणी करत नव्हते.

१८)
आणि आजचा सर्वसाधारण डाव कसा असतो? सहा गॉब्लिन समोर येतात. पहिला मरतो, दुसरा मरतो, पाचवा मरतो. सहावा त्याच निष्ठेने पुढे येऊन मरतो. प्रत्येकाला शून्यापर्यंत न्यायचे, मग पुढची खोली. इतका धीर इतिहासातल्या कोणत्याही फौजेने दाखवलेला नाही. तक्त्यांचे खेळ यात वेगळे नसतात; त्यांत सहावा गॉब्लिन डाव्या पोटरीला नेमकी जखम होऊन मरतो, एवढाच फरक.

१९)
हे आरंभापासून असे नव्हते, आणि म्हणूनच मला त्याचे वाईट वाटते. ‘चेनमेल’मध्ये धैर्याचे नियम होते. टॉम मॉल्डव्हे यांनी संपादित केलेल्या १९८१ च्या प्राथमिक संचात तर हा नियम इतका सुटसुटीत आहे की पोस्टच्या दोन ओळींत मावतो: प्रत्येक शत्रूला २ ते १२ मधला एक धैर्यांक. त्याच्या बाजूचा पहिला मेला की, आणि निम्मे पडले की, दोन फासे टाका. बेरीज अंकापेक्षा जास्त आली तर ते पळतात किंवा शरण येतात. गॉब्लिनचा अंक ७. म्हणजे ३६ पैकी १५ वेळा ते पहिल्याच चाचणीत मोडतात. सांगाड्याचा अंक १२. सांगाडा कधीच पळत नाही, कारण त्याला घाबरायला काही उरलेलेच नाही.

किती कमी शब्दांत किती सांगितले! राइसविट्झच्या ‘मागे रेटली, पराभूत, मोडली’ या फाशाचा हा दूरचा नातू.

२०)
त्याच संचात अनुभवाचे गुण मुख्यतः मिळत ते खजिन्याबद्दल. एका सुवर्णमुद्रेला एक गुण. एक गॉब्लिन मारण्याचे मात्र ५. शहाणा खेळाडू लढाई टाळे, वाटाघाट करी, रात्री मागच्या दाराने शिरे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत गुण शत्रूवर आणि संकटांवर मात करण्याशी जोडले गेले आणि धैर्याचा नियम गळाला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत तो परत आला तो पंचांच्या ग्रंथात, ऐच्छिक म्हणून. मी ज्या टेबलांवर बसले त्यांपैकी एकावरही तो वापरलेला पाहिला नाही.

२१)
‘खेळच तो, एवढे काय’ असे म्हणता येईल. पण या थ्रेडचे कित्येक वाचक इतिहासाकडे खेळांतून आणि चित्रपटांतून आले आहेत. मीही तशीच आले. हिंसा कशी असते याची आपली पहिली समज तिथे घडते. ज्याने शेकडो संध्याकाळी शेवटच्या माणसापर्यंत लढणारे शत्रू पाहिले आहेत, त्याला साधनांत ‘फौज मोडली’ हे शब्द भेटले की ती भित्री होती असेच वाटते. मग आपण ट्विटरवर पराभूतांना नामर्द ठरवत बसतो. भीती हे रणांगणावरचे सर्वांत सामान्य वास्तव आहे, आणि ते नियमांतून वगळायला एक तक्तासुद्धा खर्च होत नाही. नुसते विसरले की झाले.

२२)
वास्तववाद्यांचे एक म्हणणे मात्र मी निमूटपणे मान्य करते. रुनक्वेस्टमध्ये एका वाराने पाय निकामी होऊ शकतो, हे माहीत असलेला खेळाडू तलवार उपसण्यापूर्वी दोनदा विचार करतो. तक्त्याचे आकडे टाउटनशी जुळत नसतील, पण खेळाडूच्या मनातली ती धाकधूक खरी असते. माझी कसोटी हीच आहे: नियम कितीही ढोबळ किंवा बारीक असोत, त्या काळच्या माणसासमोर जो निर्णय उभा राहिला असता तो ते खेळाडूसमोर उभा करतात का? लढू की सोडून देऊ, पाठलाग करू की थांबू, शरण आलेल्याचे काय करू. ५० हिट पॉइंटच्या योद्ध्याला पहिला प्रश्न पडतच नाही, हा अमूर्ततावाद्यांचा खरा दोष.

२३)
मॉल्डव्हेचा नियम कोणत्याही आवृत्तीला चिकटवता येतो; दोन फासे आणि एक अंक लागतो, बस. त्यात खेळाडूंच्या पात्रांना धैर्याची चाचणी नाही, त्यांचे पळणे त्यांनीच ठरवायचे. पुढच्या डावात वापरून पाहिलात तर खाली जरूर लिहा. विशेषतः हे लिहा: गॉब्लिनांनी पाठ फिरवल्यावर तुमच्या टेबलावरच्या मंडळींनी त्यांना जाऊ दिले, की मागे धावले?